किडेवालीच्या बरण्या

मिरचीवाल्यांची बायको किडे पाळायची. लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात; या बाईने मागच्या खोलीत काचेच्या बरण्या मांडल्या होत्या आणि त्यांत लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे ठेवले होते. गल्लीने तिचं नाव किडेवाली ठेवलं, आणि तिला ते मनापासून आवडायचं. मिरचीवाले मात्र कपाळाला हात लावायचे. कारण ढालकिडा जगतो माव्यावर, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, आणि तो मावा वाढवायला ती खिडकीत चवळीची रोपं लावायची. बाहेर काचघरात ढोबळी मिरचीवर मावा पडला म्हणून नवरा हवालदिल, आणि आत बायको त्याच माव्याचे लाड करतेय. "आमच्या घरात शत्रूची खानावळ आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना ऐटही असायची, कारण विषारी औषध न फवारता मिरची पिकवणारं दुसरं घर त्या भागात नव्हतं.

थंडी सरता सरता ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. घरातलं बाकी सगळं थंडावलं, पण बरण्यांतला संसार चालूच राहिला. किड्यांना कोण सांगणार? मिरचीवाले सकाळी उठून चहाच्याही आधी मागच्या खोलीत जाऊ लागले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण बायकोची बडबड इतकी वर्षं कानांवर पडलेली, ती आता कामाला आली. माव्याने भरलेला चवळीचा शेंडा कापायचा, बरणीत ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं. फडकी तिच्या जुन्या ओढणीची होती. गाठ मारताना त्यांचे हात तिथेच रेंगाळत. तिची आठवण येत होती असं म्हणणं फार थोडं झालं; ती हवी होती, रोज, त्याच खोलीत, त्याच बडबडीसकट.

मग मिरचीवर मावा आला. कोवळी पानं आकसली, खालची पानं चिकट झाली, मुंग्यांनी खोडावर रस्ता धरला. मावा खायला ढालकिडे झाडांवर सोडायची हीच वेळ. मिरचीवाले दररोज 'उद्या' म्हणत राहिले.

सुट्टीला लेक आली. काचघरात शिरताच तिने पानामागून बोट फिरवलं, चिकट बोट वडिलांसमोर धरलं आणि किडे कधी सोडणार ते विचारलं. उद्या, ते म्हणाले. बरण्या तर काठोकाठ भरल्यात, असं ती म्हणाली, तेव्हा ते पाईप गुंडाळण्यात फारच गढून गेले. तिने पाईप हातातून काढून घेतला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"सोडले की ते पानांत मिसळून जातील," ते म्हणाले. "मग त्या खोलीत मी कशाला जाऊ?"

लेकीने पाईप नीट गुंडाळून खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरण्यांतले चवळीचे शेंडे चाटूनपुसून साफ झालेले होते, आणि खिडकीतल्या रोपांवरही मावा उरला नव्हता. मिरचीवाल्यांनी बरणी उजेडाला धरली. ढालकिड्याची एक थोराड अळी दुसऱ्या लहान अळीला धरून बसली होती. आधी त्यांना वाटलं, खेळतायत. मग नीट दिसलं. खाणं संपलं की ही पोरं एकमेकांना खातात, हे बायको सांगायची आणि ते हसण्यावारी न्यायचे. ते बरणी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. जिवापाड जपतोय म्हणता म्हणता तिच्याच किड्यांना आपण उपाशी मारतोय, हे त्यांना कळलं, आणि डोळ्यांना धार लागली. लेक दारात उभी होती. तिच्यापासून त्यांनी ते लपवलं नाही.

"संध्याकाळी झारी तू घे," ते म्हणाले.

हे काम दोघांचं असतं. एकाने पुढे राहून झारीने पानं भिजवायची, दुसऱ्याने मागून कुंचल्याने किडे उतरवायचे. तहानलेला किडा पाणी पिऊन तिथेच रमतो; पान कोरडं मिळालं तर सरळ पंख उघडतो. इतकी वर्षं झारी मिरचीवाल्यांकडे आणि बरणी तिच्याकडे. किडे टेकले की ती मागून "बसले" म्हणायची, मगच पुढचं झाड. आणि तिचं 'बसले' कधी लवकर यायचं नाही. भरलेली झारी धरून यांचा खांदा भरून यायचा, आणि हे पुढच्या झाडाकडे बघत कुरकुरायचे, "एकेकाची विचारपूस करतेयस का?"

ऊन उतरल्यावर लेकीने काचघराच्या खिडक्या लावल्या आणि पहिलं झाड भिजवलं. मिरचीवाल्यांनी ओढणीची गाठ सोडली. बरणी त्यांनी आजवर इथे कधी उघडली नव्हती. कुंचल्यावरून एक ढालकिडा पानावर उतरला, थोडा भांबावला, थेंबापाशी आला आणि डोकं खाली घालून पाणी पिऊ लागला. मग दुसरा आला. मिरचीवाले वाकून बघतच राहिले.

"बाबा," लेक पाठमोरीच म्हणाली, "एकेकाची विचारपूस करताय का?" लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, तिने अगदी वडिलांच्या सुरात म्हटलं.

त्यांनी मान वर केली. पाणी पिणाऱ्या किड्यांच्या पलीकडे लेकीची पाठ होती, झारीच्या वजनाने एका बाजूला कललेली. बायकोला इथून काय दिसायचं ते त्यांना इतक्या वर्षांनी दिसलं. किडे दिसायचे, आणि एक पाठ. ती पाठ एकदाही वळली नव्हती.

"बसले," ते म्हणाले.

लेकीने पुढच्या झाडाकडे पाऊल उचललं.

"थांब," ते म्हणाले. "आधी मागे वळून बघ."

तिने झारी खाली ठेवली आणि मागे वळली.