चौदा दिवसांची सरळ रेघ

शेवटचा सेन्सर अंगावर कुठे चिकटवायचा, हे ठरवायला दोघं भर दुपारी आरशासमोर उभी होती. कप्तानाच्या अंगात फक्त पँट आणि टाचणीच्या हातात कापडावर खुणा करायचा निळा खडू.

कप्तान म्हणजे तिचा नवरा. सव्वीस वर्षं त्याने शहरातली बस चालवली, आणि स्टीअरिंगमागे असा काही ताठ बसायचा की डेपोतल्यांनी त्याला ही पदवी परस्पर बहाल करून टाकली. टाचणी म्हणजे ती. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून द्यायची, आणि ओठांत टाचण्या धरूनच अख्ख्या गल्लीशी गप्पा मारायची. नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण चिकटलं. जे चिकटायला हवं होतं ते मात्र चिकटत नव्हतं.

सेन्सर दिसायला कोटाच्या बटणाएवढा. त्याच्या पोटातून केसासारखी बारीक तार निघते, ती कातडीखाली शिरते, आणि अंगातली साखर दर पाच मिनिटांनी फोनला कळवते. साखर सत्तरच्या खाली गेली की फोन बोंब ठोकतो आणि रेघ लाल होते. तीच रेघ दवाखान्यातही दिसते. कप्तानाला इन्सुलिन सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती, पण हे बटण आलं ते दोन महिन्यांपूर्वीच्या त्या प्रकारानंतर.

त्या दिवशी भरल्या बसमध्ये कप्तानाने दोन थांबे न थांबता मागे टाकले. लोक ओरडले, घंटी वाजवली, आणि हा समोर बघून मंद हसत होता. शेवटी एका बाईने पुढे येऊन त्याचा खांदा गदागदा हलवला, तेव्हा बस फुटपाथला घासत उभी राहिली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. साखर निघाली बेचाळीस. "सकाळी नीट खाल्लं नव्हतं, बस्स," असं कप्तान सगळ्यांना सांगत सुटला. डेपोच्या डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि अट घातली: सलग चौदा दिवसांची रेघ दाखवा, मध्ये खंड नको, लाल खूण नको, मग मी सही करते. तोवर गाडीला हात लावायचा तो धुण्यापुरता.

आणि खरंच, डेपोने त्याच्या हातात पाण्याचा पाइप दिला. कालपर्यंत जे नवे ड्रायव्हर त्याच्या शब्दावर चालायचे, ते आता चिखलाने भरलेल्या गाड्या त्याच्या अंगावर आणून उभ्या करायचे. कप्तान घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा आणि त्याचा डावा हात गुडघ्यावर आपोआप गिअर बदलत राहायचा. पहिला, दुसरा, तिसरा. टाचणी भाजी चिरता चिरता ते बघायची. या दोन महिन्यांत तिने त्याच्या पँटा दोनदा आवळल्या होत्या. माणूस आतून वाळत चालला होता, आणि हे तिच्या मापाच्या फितीला त्याच्याआधी कळलं होतं.

दवाखान्यातून चार सेन्सर मिळाले होते. नर्सने बजावलं होतं, दंडाच्या मागच्या बाजूला लावा. पहिला उजव्या दंडावर लावला, तो चौथ्या दिवशी बसच्या दाराच्या कडेला अडकून उपटला गेला. दुसरा डाव्या दंडावर लावला, तर कप्तान झोपायचा नेमका त्याच कुशीवर. वजन पडलं की सेन्सर गोंधळतो आणि साखर उतरली म्हणून फोन किंचाळतो. टाचणी धडपडत उठायची, त्याच्या तोंडात साखर कोंबायची, मग बोटाला सुई टोचून बघावं तर साखर एकशे अठरा! असं चार वेळा झालं. लांडगा आला रे आला, दुसरं काय. पण रेघेवर चार लाल डाग पडले ते पडलेच. तिसरा पोटावर लावला, तर पट्टा आणि घाम यांनी मिळून नवव्या दिवशी त्याची वासलात लावली. जायच्या आधी तोही एकदा बोंबलला होता. तेव्हा कप्तान ताठ बसून जेवत होता, कशावरही रेलला नव्हता. "पट्टा दाबला असेल," तो म्हणाला, आणि त्या वेळी बोट टोचायचं राहून गेलं. टाचणीला ते आठवत होतं. पण आठवण सोयीची नसली की माणूस तिला मागच्या खणात टाकतो.

आता उरला होता एकच.

"मांडीवर?" तिने खडूने गोल काढला.

"उकिडवं बसून चाकं घासतो मी. दोन दिवस टिकला तर नशीब."

"पाठीवर, इथे खाली?"

"खुर्चीला टेकतो की."

"मग टेकू नका!"

"चौदा दिवस? अगं, मी माणूस आहे की खांब?"

दंड, पोट, मांडी, कंबर. त्याच्या अंगावर निळे गोलच गोल झाले आणि प्रत्येक गोलाला काही ना काही खोट निघाली. टाचणी रडकुंडीला आली. सव्वीस वर्षांची नोकरी एका बटणावर लटकली होती आणि त्या बटणाला या एवढ्या मोठ्या देहात जागा मिळेना.

कप्तानाने तिचं तोंड पाहिलं आणि तिला हसवायला म्हणून म्हणाला, "त्यापेक्षा तुझ्याच दंडावर लाव. तुझी साखर तुझ्या शिलाईसारखी असणार, एका रेषेत."

तो हसला. ती हसली नाही. तिने खडू खाली ठेवला आणि ब्लाउजची बाही वर केली.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला.

"नाहीतरी तो खोटंच बोलतो ना? तुम्ही झोपलात की लाल, वळलात की लाल. खोटी लाल रेघ चालते, मग खोटी सरळ का नको? फक्त चौदा दिवस. तुम्ही रोज चार वेळा बोट टोचायचं, मला आकडा सांगायचा. शपथ घ्या."

त्याने शपथ घेतली. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर दोघं एकाच काडीला लोंबकळत होती. सेन्सर खट्‌कन तिच्या दंडात बसला. उपटलेला जुना सेन्सर तिने कपड्याचे काठ चिकटवायच्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने त्याच्या दंडावर डकवला, वरून ताणल्या जाणाऱ्या कापडाची गोल चकती लावली. कोणी म्हणालं बाही वर करा, तर खुशाल करावी. काम इतकं सफाईदार झालं की क्षणभर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. या बाईला कधी नव्हे ती अक्कल पाजळायची हौस आली होती, आणि ती कशावर, तर नवऱ्याच्या जिवावर.

फोन तिच्यापाशीच ठेवावा लागला, मशीनच्या खणात. सेन्सर तिच्या अंगावर, तर फोन डेपोत नेऊन काय उपयोग? रेघ मात्र अशी सुंदर निघाली की बघत राहावं. पंच्याण्णव, एकशे दहा, एकशे दोन. कप्तान घरी आला की आधी खण उघडून ती रेघ बघायचा. त्याचा चेहरा खुलायला लागला. हळूहळू तो त्या रेघेबद्दल "माझी साखर" असं बोलायला लागला. पहिले चार दिवस त्याने बोट चार वेळा टोचलं, मग दोन वेळा, मग "आज राहिलं गं, उद्या नक्की". तिनेही फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही खणातला आकडाच जास्त आवडत होता.

अकराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, बँकेत काम करणारी एक गिऱ्हाईक बाई पुढच्या खोलीत कोट घालून बाह्या बघत होती. कप्तान आला, दोघींकडे न बघता ओल्या बुटांनिशी तडक आत गेला. बाई गेल्यावर टाचणी स्वयंपाकघरात आली, तर हा खणातले सगळे चमचे काढून टेबलावर ओळीने लावत बसलेला.

"हे काय? बूट काढा आधी. जेवलात का?"

"पुढे सरका," तो म्हणाला. "मागे जागा आहे."

"मी काय विचारतेय?"

"पुढे सरका ना बाई."

तिला वाटलं, डेपोत कोणीतरी काही बोललं असणार आणि त्याचा राग इथे निघतोय. तरी तिने परत जाऊन फोन पाहिला. एकशे सहा, शेजारचा बाण सरळ, म्हणजे चढ नाही की उतार नाही. मग तिचं डोकंच सणकलं.

"साखर चांगली एकशे सहा आहे तुमची! मग ही नाटकं कशाला? मी दिवसभर मान मोडून काम करायचं, वर तुमचे टोमणे ऐकायचे? मी काय तुमच्या बसमधली सवारी आहे?"

चांगली सात-आठ मिनिटं ती त्याला बोलत होती. तो घामाने निथळत होता, तर तिला वाटलं पाइपाचं पाणी असेल. मग त्याचा हात चमच्यांवरून घसरला, मागोमाग तो खुर्चीवरून, आणि चमचे फरशीवर खणखणत सांडले.

तिने फोन उचलला. एकशे नऊ. एक क्षण, अख्खा एक क्षण, तिने त्या आकड्यावर विश्वास ठेवला. माणूस पायाशी पडलाय, त्याचे डोळे पांढरे झालेत, आणि ही बाई मनात म्हणतेय, साखर तर ठीक आहे, मग हार्टचं काही असेल का?

मग तिचा हात आपोआप स्वतःच्या दंडाकडे गेला.

साखर चढवायचं तातडीचं इंजेक्शन फ्रिजच्या दारात होतं. उभ्या आयुष्यात सुईने तिला कधी अडवलं नव्हतं, आज टोपण निघेना. दातांनी काढलं. पँटवरूनच मांडीत सुई खुपसली. खडूने गोल काढला होता, नेमकी तीच जागा. "अहो, ऐकताय ना? अहो, बघा माझ्याकडे. मी नाही ओरडणार. पुन्हा कधी नाही ओरडणार." त्याला कुशीवर वळवून ती त्याच्या गालाच्या आत मध चोळत राहिली. शेजारी फरशीवर पडलेला फोन बिचारा आपलं काम इमानदारीने करत होता. एकशे तीस, एकशे बावन्न, एकशे सत्तर. टाचणीच्या भीतीची साखर चढत होती.

तिने ॲम्ब्युलन्सचा नंबर लावायला घेतला तेव्हा त्याचे डोळे उघडले. थोड्या वेळाने तो उठून बसला, पाणी प्यायला, पाव खाल्ला. झालं काय ते कळल्यावर पहिला प्रश्न त्याने हाच विचारला, "कोणाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"तीन दिवस राहिलेत गं," तो म्हणाला. त्याने तिचे दोन्ही हात धरले. असे हात त्याने लग्नानंतर कधी धरले नव्हते. "तीनच. मी नाही जगू शकत तो पाइप धरून. तुला दिसतंय ना?"

तिला दिसत होतं. म्हणून तर ती गप्प बसली. उरलेले तीन दिवस तिने त्याचं बोट स्वतः टोचलं, दर दोन तासांनी, डेपोच्या फाटकाशी जाऊनसुद्धा. लोक हसले, कप्तानाची बायको डबा द्यायला दिवसातून चारदा येते म्हणाले. म्हणेनात का.

पंधराव्या दिवशी सकाळी दोघं डॉक्टरबाईंसमोर बसली. दवाखान्याची खिडकी डेपोच्या अंगणावर उघडत होती. कप्तानाने इस्त्रीचा गणवेश घातला होता. डॉक्टरबाईंनी त्याची बाही वर करून दंडावरची चकती पाहिली, मग स्क्रीनवरची रेघ वर-खाली केली आणि चक्क हसल्या.

"कमाल केलीत हो. पट्टीने आखल्यासारखी आहे. एकही लाल खूण नाही." त्यांनी पेन उघडलं. मग सहज बोट ठेवलं. "फक्त इथे, अकराव्या दिवशी, चार वाजल्यानंतर, अचानक चढलीय. काय खाल्लं होतंत?"

"केक," कप्तान लगेच म्हणाला. "कोणाचा तरी वाढदिवस होता डेपोत. चूक झाली मॅडम."

"एवढं चालतं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

टाचणीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्यावर डावा हात सुरू झाला होता. पहिला, दुसरा. खिडकीबाहेर एक बस भरत होती. एका म्हाताऱ्याला कोणीतरी हात देऊन वर घेतलं, त्याच्यामागे पोर कडेवर घेतलेली एक बाई चढली, आणि आत जागा शोधत ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर येऊन बसली. कोणी विचारत नाही ड्रायव्हरला, काय हो, तुमची साखर किती? बसतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात.

"मॅडम, थांबा," टाचणी म्हणाली.

"अगं," कप्तान म्हणाला. एवढंच.

तिने बाही वर केली आणि दंड टेबलावर, त्या कागदावर, ठेवला. "ही रेघ माझी आहे. चौदाही दिवस. चार वाजता यांनी केक नव्हता खाल्ला. चार वाजता हे जमिनीवर पडले होते, आणि जे चढलंय ते माझं आहे. यांना सांगितलं मीच. लावला मीच. काय शिक्षा करायची ती मला करा, पण सही करू नका."

कप्तानाने बायकोकडे असं पाहिलं की ती नजर तिला जन्मभर पुरली असती. डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं. तिच्या दंडाकडे पाहिलं, त्याच्या दंडाकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "मग आत्ता यांची साखर किती आहे?"

टाचणीने शेवटचा आकडा आठवून पाहिला. पहाटे टोचलं होतं. त्यानंतर इन्सुलिन झालं, गणवेशाची गडबड झाली, नाश्ता "येऊन करू" म्हणून राहिला. आज जाऊ दे, आज तर सही मिळणार, असं दोघांनीही धरलं होतं.

डॉक्टरबाईंनी स्वतः उठून त्याचं बोट टोचलं. थेंब पट्टीवर टेकवला. पाच सेकंदांनी मीटर त्याच्यापुढे धरलं.

एक्कावन्न.

टाचणी पिशवीत ज्यूसची बाटली शोधायला लागली, सापडेना, मग सगळी पिशवीच तिने मांडीवर उपडी केली. कप्तान त्या आकड्याकडे बघत होता. हात गुडघ्यावर थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाम नव्हता, काहीच नव्हतं.

"पण मला तर अगदी ठीक वाटतंय," तो म्हणाला.