पाचव्या खंडाचं शेवटचं पान

कोट शिवायच्या त्या कारखान्यात मशीनचा सगळा खडखडाट खालच्या मजल्यावर होता. वरच्या लांबट खोलीत हातशिलाई चालायची. काजं, बटणं, अस्तराच्या कडा, सगळं सुईदोऱ्याचं काम. हात गुंतलेले आणि कान मोकळे. मोकळ्या कानांना काही खाऊ घातलं नाही, तर बायका एकमेकींच्या संसारात नाक खुपसतात आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या जणी अबोला धरून बसतात, हे मुकादमबाईंनी फार आधी ओळखलं होतं. म्हणून जेवणानंतर एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि तिच्या वाटणीचे कोट बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, असा तिथला रिवाज होता.

रिवाजाचा नियम एकच, पण कडक. पुढचं पान आधी कुणी वाचायचं नाही, वाचणारीनंसुद्धा नाही. पुस्तक मुकादमबाईंच्या खणात राहायचं. हसायचं तर सगळ्यांनी एकदम, रडायचं तर सगळ्यांनी एकदम.

वाचायची वहिनी. ती खरी वन्संची वहिनी, म्हणजे धाकट्या भावाची बायको. पण खोलीनं तिलाही आपलीच करून घेतलं होतं. आणि वहिनी नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची, म्हणून दारापासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत सगळ्या त्यांना वन्संच म्हणत. भाऊ लग्नानंतर लवकरच परदेशी नोकरीला गेला होता. आधी फोन यायचे, मग नुसते निरोप, मग काहीच नाही. मेला म्हणावं तर तसंही नाही. कुणी ना कुणी त्याला कुठेतरी पाहिलेलं असायचं, आणि दर खेपेला तो आणखी जाड झालेला असायचा. घरात राहिल्या नणंद-भावजय. आता रोज भांड्याला भांडं लागणार, असं शेजाऱ्यांना वाटलं होतं. त्यांची निराशा झाली. ‘भाऊ गेला, पण वहिनी राहिली,’ हे वन्सं कुणीही न विचारता कुणालाही सांगायच्या.

त्या वर्षी धुक्याच्या राज्याची गाथा चालली होती. पाच खंड, एकेक उशाला घ्यावा असा. राजे, बोलणारे लांडगे, तीन मुकुट, आणि इतकी मरणं की बटणवालीनं कोण मेलं ते लक्षात ठेवायचं सोडून दिलं होतं. पण सगळ्यांचा जीव अडकला होता तो वाटाड्यात. राज्यावर धुकं उतरलं होतं, त्यात शिरलेला माणूस स्वतःला विसरायचा. धुक्याचं दार बंद करायला वाटाड्या निघाला आणि ते दार फक्त आतून लागतं, हे चौथ्या खंडात कळलं, तेव्हा वन्संच्या बोटात सुई घुसली होती. टेकडीवरच्या दीपगृहात वाटाड्याची बायको त्याच्यासाठी दिवा पेटता ठेवून बसली होती. तिचं काय होणार, ही काळजी वन्सं घरीसुद्धा करायच्या.

शेवटची थोडी पानं उरली, तेव्हा वहिनीनं मुकादमबाईंकडे पुस्तक मागितलं.

“अक्षर बारीक आहे हो. घरी नीट उजेडात एकदा नजरेखालून घालते, म्हणजे उद्या अडखळणार नाही.”

शेवटाला अडखळलेलं कुणालाच नको होतं. नियम मोडला आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं शेवट वाचला. दार लागलं, धुकं विरलं, राज्य वाचलं, वाटाड्या आतच राहिला. ‘आणि तिनं दिव्यात तेल घातलं,’ वहिनी वाचत होती, ‘खिडकीशी बसली आणि मोकळ्या झालेल्या वाटेकडे पाहत राहिली.’ खोलीतल्या सगळ्या बायकांनी शिवायच्या कोटांना नाकं पुसली असती, पण मुकादमबाई बघत होत्या.

मग वाद सुरू झाला. पुस्तक संपलं की त्याचा कीस काढायचा, हाही रिवाजच.

“दार आतून लागलंय,” बटणवाली म्हणाली. “तो येणार कुठून? फुकट तेल जाळतेय बाई.”

“तिला माहीत आहे की तो येणार नाही,” वन्सं म्हणाल्या. “तरी बसते. राज्य त्यानं वाचवलं, पण घर तिनं वाचवलं. तुला नाही कळायचं ते.”

वन्सं बोलायला लागल्या की सुतावरून स्वर्ग गाठायच्या. तेल म्हणजे काय, खिडकी म्हणजे काय, मोकळी वाट म्हणजे काय, सगळं उलगडून सांगितलं. बटणवालीची बोलती बंद झाली. शेवटी वन्संनी वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पुस्तकात कशाला शोधायला हवी? अशी एक माझ्याच घरात आहे.”

वहिनी मान खाली घालून पुस्तकाच्या कडा सारख्या करत राहिली. वन्संना वाटलं, लाजली.

हा विजय वन्संनी बरेच दिवस पुरवून पुरवून खाल्ला. बटणवालीही हार मानणारी नव्हती. जेवायला बसलं की ती पुन्हा उकरून काढायची. अशाच एका दुपारी नव्यानं लागलेली इस्त्रीवाली ऐकत होती. वहिनी तेव्हा तयार कोट घेऊन खाली गेली होती.

“तुम्ही कुठल्या बाईबद्दल बोलताय?” इस्त्रीवालीनं विचारलं. “दीपगृहातली ना? ती कुठे वाट बघते? ती तर दिवा मालवून निघून जाते.”

सगळ्या हसल्या. वन्सं सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. “बाई, तू दुसरंच काहीतरी वाचलं असशील.”

“पाचही खंड वाचलेत मी. आमच्याकडे दोनदा वाचून झालेत.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” म्हणत वन्सं उठल्या, मुकादमबाईंच्या खणातून पाचवा खंड काढला, चष्मा पुसला आणि शेवटचं पान उघडलं. तेलाचा थेंबही नव्हता तिथं. खिडकी नव्हती. वन्संनी पान उलटून मागचं पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. छापलेलं हलत नाही.

“काय लिहिलंय?” बटणवालीनं विचारलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. घरची अब्रू आधी, पुस्तकाची मग.

“वहिनीनं वाचलं तेच,” वन्सं म्हणाल्या आणि पुस्तक मिटून आपल्या पिशवीत टाकलं.

खोटं ठरलेल्या माणसासारखी इस्त्रीवाली आपल्या इस्त्रीकडे वळली. वन्संना दुपारभर एकही टाका सरळ घालता आला नाही. त्यांना रडू येत नव्हतं, रागच येत होता. ज्या वाक्यासाठी त्या भांडल्या, ज्याच्यावर त्यांनी वहिनीला उभं केलं, ते लेखकानं लिहिलंच नव्हतं. आणि ही बया मान खाली घालून ऐकत बसली होती.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी पुस्तक वहिनीपुढे ठेवलं.

“वाच.”

वहिनी वाळलेले टॉवेल घड्या करत होती. पुस्तक पाहून तिचे हात थांबले.

“कळलं तर तुम्हाला,” ती म्हणाली.

“अख्ख्या खोलीला फसवलंस. मला फसवलंस. का?”

“तुम्ही माझ्याकडे बघत होतात, वन्सं. त्या बाईचं नाव आलं की तुम्ही पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे बघता. ती दिवा मालवते, हे मी वाचलं असतं तर माझा आवाज कापला असता. तुम्हाला सगळंच कळलं असतं.”

“सगळं म्हणजे?”

वहिनीनं टॉवेल बाजूला ठेवला. “मी खोली बघितलीय. नदीपलीकडे, माझ्या मैत्रिणीच्या शेजारी. महिनाअखेर जाणार आहे.”

वन्संनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “कोण आहे?”

“कुणी नाही. मीच आहे.”

“मग तोंडावर सांगायचंस. मी काय आडवी पडले असते?”

“हो,” वहिनी म्हणाली. “पडला असतात. तुम्ही वाईट नाही हो. पण चारचौघांत माझं एवढं कौतुक करता, की मला पाऊलच उचलता येत नाही. कितीदा सांगायला आले, आणि तुम्ही कुणाला तरी सांगत होतात की वहिनी राहिली.”

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच वन्संचा संताप मस्तकात गेला.

“केसानं गळा कापलास,” त्या म्हणाल्या. “भाऊ गेला. पण जाताना निदान गोड गोड वाचून दाखवलं नाही त्यानं.”

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती नमली नाही. “आणि तुम्ही आज काय केलंत? त्या बिचाऱ्या इस्त्रीवालीला खोटं पाडलंत ना? सुटताना जिन्यात बटणवालीनं सांगितलं मला.”

वन्संनी पुस्तक उचलून पुन्हा पिशवीत टाकलं. दोघी त्या दिवशी एकाच ओट्यापाशी एकमेकींकडे पाठ करून उभ्यानंच जेवल्या.

सकाळी कारखान्यात गेल्यावर वन्संनी सुई हातात घेतलीच नाही. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“काल मी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “इस्त्रीवाली बरोबर होती. शेवट वेगळा आहे. वहिनी, जे लिहिलंय ते वाच.”

जेवणानंतरचं वाचन सकाळी कधी झालं नव्हतं, पण मुकादमबाईंनी हातानंच होकार दिला. वहिनी उभी राहूनच वाचू लागली. पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापला, नंतर नाही. धुकं विरल्यावर राज्यात घंटा वाजतात. दीपगृहातली बाई त्या ऐकते. मग ती दिवा मालवते, आणि दिवा विझल्यावर तिला चांदण्यात खालचा रस्ता दिसू लागतो. दाराला कुलूप घालून ती उतरू लागते. गाथा तिथं संपते.

या खेपेला कुणी नाक ओढलं नाही. बटणवाली जिंकली होती, पण तिलाही ते साजरं करवेना. रिवाजाप्रमाणे ती वन्संकडे वळली.

“मग वन्सं? यावर काय म्हणणं तुमचं?”

“गेली ते बरं केलं तिनं,” वन्सं म्हणाल्या. “तिथं बसून म्हातारी झाली असती. पण सांगून जायला हवं होतं.”

“सांगणार कुणाला? तिथं दुसरं होतं कोण?”

“होती की,” वन्सं म्हणाल्या. त्या वहिनीकडे बघत नव्हत्या. “त्याची बहीण होती तिथं. लेखकानं लिहिली नाही, एवढंच.”