गिअरचं तेल आणि शोभाबाईची डुलकी

आमच्या मोटरसायकलच्या गिअरला वेगळं तेल लागतं. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, आमच्या लग्नानंतर चार वर्षांनी घेतलेली. यंदा वैशाखात नवापूरला माझ्या बायकोच्या, शोभाबाईच्या भाचीचं लग्न होतं आणि आम्ही दोघं नेहमीसारखे गाडीवरच जाणार होतो. पण गिअर बदलला की गाडी असा हिसका द्यायची की मागे बसलेल्या शोभाबाईची कंबर धरायची. तिने सांगून टाकलं, हिसका गेला तर गाडी राहील, नाही तर भंगारात जाईल आणि आपण बसने जाऊ.

माझा भाचा वाल्मिक याचं कामरेजला गॅरेज आहे. त्याने गिअरमधलं तेल पत्र्याच्या डब्यात सोडलं, बोट बुडवून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, हे लूमचं तेल आहे."

मी तीस वर्षं सुरतजवळच्या सचिन गावातल्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले. आमच्या घरी पंखा, शिलाई मशीन, दाराची बिजागरी, सगळ्यांना लूमचंच तेल. मागच्या वर्षी तेच गिअरमध्ये ओतलं होतं. ते पातळ, गिअरच्या दातांना पुरत नव्हतं.  

आता घालायचं कोणतं? वाल्मिक म्हणाला, साधंच. जुन्या गाडीचे सील जुने, सिंथेटिक त्यातून झिरपतं. माझा मुलगा हेमराज फोनवरून सिंथेटिकसाठी अडून बसला. गाडी तापली तरी ते टिकून राहतं म्हणे. वाल्मिकने त्याला विचारलं, तू शेवटचा पाना कधी हातात धरलास. शेवटी शोभाबाईनेच ठरवलं की दोन्ही घालून बघू, मी मागे बसून सांगते.

तीही आमच्याच कारखान्यात सूत गुंडाळून कांड्या भरायची. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळं हातानेच. पाठीवर थाप पडली की मशीन थांबवायचं. गाडीवरही आमचं तेच चालतं.

पहिल्या दिवशी साधं तेल घातलं. गिअर छान पडत होते. बारडोली जवळ आली, गाडी तापली आणि पाठीवर थाप पडली. हिसका कमी होता, पण होता.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकने तोंड वाकडं करून सिंथेटिक भरलं, आमच्या क्लचला चालणारं बघूनच. बारडोली गेली, थाप नाही. व्यारा जवळ आलं, तरी नाही. मग माझ्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. घाबरून मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

शोभाबाईने डोळे उघडले.

"माले काब उठाडं?" मला उठवलंच का, म्हणून ती चिडली.

मला हसू आवरेना. बारा तासांच्या पाळीत लूमवरचा माणूस डुलकी घेतो, ती मशीन नीट चालत असेल तरच. मशीन थांबलं की त्या शांततेनेच त्याला जाग येते. तिने निकाल दिला होता, सिंथेटिकच.

रात्री मी गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता. सकाळी त्यावर तेलाचा एक थेंब सापडला. वाल्मिकने त्याचा फोटो मागवून घेतला आणि हेमराजला पाठवला.

नवापूरला निघताना शोभाबाईने जुनी ओढणी आम्हा दोघांच्या कमरेभोवती घट्ट बांधली आणि मला बजावलं, आता लग्नाच्या मांडवाशिवाय कुठे थांबायचं नाही.