पाच पेनड्राइव्ह आणि हरकतराव

स्टँडबायसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीखात्यात अभियंता होते आणि सगळ्या नोकरीत त्यांनी एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात घालायचा ध्यास घेतला होता. मुख्य पंपाच्या शेजारी दुसरा, 'स्टँडबाय' पंप तयार हवा, आणि तो नुसता उभा नको, दर सोमवारी मुख्य पंप बंद करून तो चालवून पाहिलेला हवा. पुढे पुढे हे वेड पंपांपुरतं राहिलं नाही. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन घड्याळं. बायको म्हणायची, "नशीब माझं, बायकोच्या बाबतीत एकीवर भागवलंत."

निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहायला घेतला. तो लिहा असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की पेटला. कुठली वाहिनी कुणी टाकली, कुठला झडपखड्डा रस्त्याखाली गाडला गेला, कुठल्या अध्यक्षांनी उद्घाटनाला नळ उघडला तेव्हा नुसती हवा आली, असं सगळं ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. संध्याकाळी ते लिहिलेलं बायकोला वाचून दाखवत. ती डोळे मिटून ऐकायची. साहेबांना ते तल्लीन होणं वाटायचं.

कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या उमेदीच्या काळात खात्याच्या दप्तरखोलीतलीच वाहिनी फुटली होती आणि साऱ्या शहराचे नळनकाशे पाण्यात भिजून त्यांचा लगदा झाला होता. पाणीखात्याचे नकाशे पाण्यानंच खाल्ले, यावर शहर पोट धरून हसलं होतं. साहेबांना अजून ते हसू ऐकू यायचं. म्हणून पुस्तक कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटरलाही स्टँडबाय.

कॉम्प्युटर लेकीनं लावून दिला होता. "बाबा, फायली शोधत बसू नका," ती म्हणाली होती, "हे बघा, उघडल्या उघडल्या समोरच 'पुस्तक' असं दिसेल. त्यावर टिचकी मारली की सगळी प्रकरणं. आणि रोज पेनड्राइव्हवर कॉपी करत जा." त्या 'पुस्तक' लिहिलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. लेकीनं त्याबद्दल काही सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही, कारण त्यांना तो बाण काय आहे हे ठाऊक होतं. उभी हयात नळांवर बाण रंगवून घेण्यात गेलेला माणूस तो. पाणी कुठून कुठे जातं हे सांगायला नळावर बाण काढतात. तसं इथून तिकडे मजकूर जातोय. पेनड्राइव्हवर गेलेल्या चित्रावरही तोच बाण दिसला, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. प्रवाह चालू आहे.

पेनड्राइव्ह त्यांनी पाच घेतले. एक कपाटात साड्यांच्या घडीखाली, एक बायकोच्या शिवणाच्या डब्यात, एक लेकीकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक गळ्यात, दोरीला. लॉकरमधला ठेवायला बायकोच्या कानातल्यांची डबी जरा सरकवावी लागली, त्यावरून घरात थोडं झालं. लेकीकडचा त्यांनी पाकिटात घालून वर चिकटपट्टी लावून दिला होता आणि 'उघडू नये' असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. तीही बापाचीच लेक, तिनं उघडला नाही. दर आठवड्याला साहेब फेरी काढून पाचही गोळा करायचे, एकेक कॉम्प्युटरला लावायचे, कॉपी करायचे, मग पेनड्राइव्हवरचं पुस्तक उघडून पाहायचे. सगळी प्रकरणं जागच्या जागी. समाधानानं ते टोपण लावायचे आणि लेकीकडच्या पाकिटाला नवी चिकटपट्टी. बँकेतले लोक त्यांना बघून आधीच किल्ली काढून ठेवत.

एवढं सगळं असून एक प्रत कागदावर निघायची, आणि तीही शुद्ध खोडसाळपणासाठी. प्रत्येक प्रकरण झालं की साहेब ते छापत, लिफाफ्यात घालत आणि हरकतरावांना टपालानं पाठवत. सोबत चिठ्ठी नाही, नमस्कार नाही.

हरकतराव म्हणजे खात्यातले दुसरे अभियंता. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एका डब्यात जेवले, आणि पुढे एकमेकांना पाण्यात पाहू लागले. कुठल्याही बैठकीत "माझी याला हरकत आहे" असं म्हटल्याशिवाय त्या गृहस्थाला घास गिळवत नसे. साहेबांनी मोठी टाकी टेकडीवर बांधायचं ठरवलं, तेव्हा त्यानं अशी काही हरकत घेतली की चौकशी बसली, टाकी खाली मैदानात गेली आणि साहेब मान खाली घालून निवृत्त झाले. त्यानंतर दोघांत शब्द नाही. साहेब प्रकरणं पाठवत ती त्याला जळवायला. बघ, मी पुस्तक लिहितोय, तू बस हरकती घेत. उत्तर कधी आलं नाही. साहेब मनात म्हणत, टाकत असेल टोपलीत.

फक्त शेवटचं प्रकरण त्यांनी पाठवलं नव्हतं. ते टाकीचं. वर्षभर ते त्याला धार लावत होते. त्यात हरकतराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होते आणि एकाही ओळीत त्यांची धडगत नव्हती.

त्या प्रकरणाच्या नादात घरच्या गच्चीवरच्या टाकीचा बॉल बिघडला. बायको रोज सांगे, "अहो, टाकी भरून वाहतेय." साहेब म्हणत, "उद्या बघतो." शहराला पाणी पाजलेल्या माणसाला घरचा बॉल बदलायला सवड नव्हती. एका सकाळी छतातून झिरपलेलं पाणी टपटप करत थेट कॉम्प्युटरच्या पेटीत उतरलं. साहेबांनी पेटी टॉवेलनं पुसली आणि चालतेय का ते बघायला लगेच बटण दाबलं. बारीकसा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

बायकोच्या तोंडचा रंग उडाला. साहेब मात्र चक्क हसले. सगळ्या आयुष्यात त्यांना हीच एक वेळ यायला हवी होती. "याचसाठी," ते गळ्यातल्या पेनड्राइव्हला हात लावत म्हणाले, "याचसाठी म्हणत होतो मी."

लेक आली, पेटी उचलून दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानवाली चटपटीत होती. तिनं डिस्क काढून पाहिली आणि मान हलवली. "ही गेली, काका. यातलं काही निघायचं नाही."

"नको काढू," साहेब ऐटीत म्हणाले आणि गळ्यातला पेनड्राइव्ह तिच्या पुढ्यात ठेवला.

तिनं तो आपल्या मशीनला लावला. पडद्यावर 'पुस्तक' दिसलं, कोपऱ्यात बाण. तिनं टिचकी मारली. काहीच उघडलं नाही. पुन्हा मारली.

"काका, हा नुसता शॉर्टकट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा पत्ता आहे. पुस्तक त्या घरी राहतं, एवढंच यात लिहिलंय." तिनं ओल्या पेटीकडे पाहिलं. "आणि घर तर हे असं."

"अगं, पण मी दर आठवड्याला उघडून बघायचो! सगळी प्रकरणं दिसायची!"

"कुठल्या कॉम्प्युटरवर बघायचात?"

साहेबांनी ओल्या पेटीकडे बोट केलं. लेकीनं तोंडावर हात ठेवला. तिला आधी रडू आलं, मग, खरं सांगायचं तर, थोडं हसूही, आणि त्या हसण्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. त्या दिवशी कपाटातला, शिवणाच्या डब्यातला, लेकीकडचा सीलबंद आणि लॉकरमधला, सगळे लावून झाले. पाचांनी एकमुखानं त्याच जळक्या पेटीचा पत्ता सांगितला.

साहेब जेवले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. एवढी वर्षं, एवढी पानं, आणि हातात काय तर पाच बाण. बायकोला त्यांच्याकडे बघवेना. तिला आठवलेलं काही सांगावं म्हणून तिनं प्रयत्न केला, तेव्हा पहिल्या विहिरीच्या पुढे तिला काही येईना. "तिथून पुढे मला झोप लागायची हो," ती कसंबसं म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "हरकतरावांना पाठवत होतात ना तुम्ही?"

"मेलो तरी जाणार नाही त्याच्या दारात," साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दार हरकतरावांनीच उघडलं. म्हातारा झाला होता, पण भुवया तशाच, हरकत घेतल्यासारख्या वर. काय झालं ते साहेबांनी उभ्या उभ्याच सांगितलं. हरकतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पेनड्राइव्ह चालवून पाहिलास तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता?"

"हो."

"म्हणजे मुख्य पंप बंद न करताच स्टँडबाय तपासत होतास. पाणी मुख्याचंच येत होतं." ते खुदकन हसले. "असं कुणी केलं तर तू हाताखालच्यांची पगारवाढ रोखायचास."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं काय होतं त्यात? ते खाली बसले.

हरकतराव आत जाऊन एक जाडजूड गठ्ठा घेऊन आले. सगळी प्रकरणं, क्रमानं, टाचून ठेवलेली. आणि प्रत्येक पानाच्या कडेला लाल पेन्सिलीनं गिचमिड. 'खोटं. पंप हिरवा होता.' 'ही वाहिनी मी टाकली, पण असो.' 'वाक्य फार लांब, दम लागला.' 'अध्यक्षांच्या मिशा राहिल्या, त्या घाल.' साहेब उलटत गेले. एकही पान कोरं नव्हतं. एका ठिकाणी, दुष्काळातल्या वर्षाच्या वर्णनापाशी, 'छान' असं लिहून मग खोडलेलं होतं.

ज्या बाईला रोज वाचून दाखवलं ती झोपली, ज्या लेकीकडे सांभाळायला दिलं तिनं चिकटपट्टीही काढली नाही, आणि ज्याला जळवायला पाठवलं त्यानं एकेक अक्षर वाचलं होतं. असा वाचक देवानं शत्रूच्या रूपात का द्यावा?

"शेवटचं कुठंय?" हरकतराव विचारत होते. "टाकीचं?"

"ते गेलं. ते तुला पाठवलं नव्हतं."

"मी होतो त्यात?"

"होतास."

"बराच?"

"तूच होतास."

हरकतरावांचा चेहरा पडला. त्यांनी त्या प्रकरणासाठी नवी पेन्सिल तासून ठेवली होती. "मग लिही परत," ते गुरगुरले. "अर्धवट पुस्तक वाचायची मला सवय नाही."

लेकीनं नवा कॉम्प्युटर आणून दिला आणि या वेळी बाणाचा अर्थही नीट सांगितला. साहेब लिहायला बसले. जुनी सुरुवात त्यांना तोंडपाठ होती, 'या माणसानं जन्मतःच रडण्याला हरकत घेतली असावी'. ती त्यांनी टाइप केली. मग कडेला उमटणारी लाल पेन्सिल दिसू लागली. त्यांनी ओळ पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'टाकी कुठे बांधावी यावर आम्हा दोघांचं एकमत नव्हतं.' तिथून पुढे प्रकरण सरळ वाहत गेलं. ते आधी होतं त्याहून पुष्कळ लहान झालं. छापलं, लिफाफ्यात घातलं, पाठवलं. या वेळी त्यांनी वर 'नमस्कार' लिहिलं.

आणि लिफाफा उलट टपालानं परत आला. साहेबांनी दारातच फोडला. पहिल्या पानावर, त्या पहिल्या वाक्याशेजारी, लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'एकमत नव्हतं, बरोबर. पण टाकी तू म्हणत होतास तिथेच हवी होती. मला तेव्हाच कळलं होतं.' बाकीच्या पानांच्या कडा कोऱ्या होत्या.

बायकोनं विचारलं, "काय म्हणतात? हरकत?"

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला, डोळ्यांना पदर लावला, आणि मग तिच्यातली व्यवहारी बाई जागी झाली. "अहो, याची एक प्रत काढून ठेवा. कागद आहे. भिजेल, फाटेल."

"नको," साहेब म्हणाले. "याला स्टँडबाय नको."

त्याच दुपारी ते बँकेत गेले. लॉकर उघडून त्यांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेनड्राइव्हच्या जुन्या जागी ठेवला आणि कानातल्यांची डबी पुन्हा एकदा जरा सरकवली.