उपटलेली विहीर

राजधानीहून आलेल्या टायवाल्या सल्लागाराने क्लबातल्या फळ्यावर खडूने एक विहीर काढली आणि तिच्याशेजारी एक माणूस काढला.

"हा मालक," तो म्हणाला. "आजवर तुमच्या विहिरींना मालकच नव्हता. म्हणून त्यांची काळजी कोणी घेतली नाही."

यांजमा तिसऱ्या रांगेत बसली होती. गोबीतल्या पशुपालन संघाच्या सात खोल विहिरींची इंजिनं ती बावीस वर्षं सांभाळत होती. हिवाळ्यात डिझेल गोठलं की शेणाच्या गोवऱ्या पेटवून ते पातळ करायचं, शंभर मीटर खालचा पंप बिघडला की एकेक नळ मोकळा करत वर काढायचा, हे सगळं तिच्याकडे होतं. विहिरींची काळजी कोणी घेतली नाही, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळलं.

शेजारचा म्हातारा चोइजिल, संघाचे उंट राखणारा, तिच्याकडे झुकला. "तू बावीस वर्षं झोपा काढत होतीस म्हणे."

"त्याने काढलेली विहीर बघा," यांजमा म्हणाली. "पाण्यापर्यंत पोचलेलीच नाही."

सल्लागार पुढे दोन तास बोलला. सरकारकडे पैसा नाही, परदेशातल्या शहाण्यांनी कर्जाबरोबर अटी दिल्या आहेत, संघ मोडायचे, सगळं लोकांच्या हाती द्यायचं. प्रत्येकाला गुलाबी कुपन मिळेल, त्यावर जे हवं ते विकत घ्या. पहिली टाळी वाजवली ती संघाचा अध्यक्ष गोंबोसुरेन याने. याच क्लबात, याच फळ्यापुढे त्याने एकोणीस वर्षं समाजवादावर भाषणं ठोकली होती. कोटावरचा पक्षाचा बिल्ला काढला होता, त्या जागी कापड अजून गडद दिसत होतं.

महिन्याभरात निम्म्या गावाची कुपनं त्याच्या खिशात गेली. दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत्या आणि त्याच्याकडे पीठ होतं, वोडका होती. यांजमानेही आपलं कुपन दाबलेल्या चहाच्या एका वडीच्या बदल्यात दिलं. त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. लिलावाला बोली लावणारा एकच माणूस होता. त्या दुपारी साती विहिरी गोंबोसुरेनच्या झाल्या.

ऑगस्टात तो जीप घेऊन तिच्या गेरपाशी, लोकरीच्या गोल तंबूपाशी, आला. उतरलाही नाही.

"तिसऱ्या विहिरीचा पंप वर काढ. शुक्रवारी सीमेपलीकडून ट्रक येतोय. इंजिनं, नळ, तांबं, सगळं घेतोय तो."

"कळप पाण्यावर आहेत अध्यक्ष. उन्हाळा संपू द्या."

"डिझेल काय भावाने मिळतंय माहितीय ना? विहीर चालवणं म्हणजे तोटा. आता बाजार आहे, शिकून घे जरा."

"मी इंजिन बसवणारी बाई आहे," ती म्हणाली. "उपटायला दुसरं कोणी बघा. त्याला अक्कल लागत नाही."

त्याने जिल्ह्याच्या गावाहून दोघांना आणलं. त्यांनी नळ मोकळे न करता ट्रकला साखळी बांधली आणि ओढले. चाळीस मीटरवर पंपाचा दांडा तुटला आणि खालचं सगळं आतच कोसळून बसलं. वर आलं तेवढं त्यांनी भरलं आणि ते पुढच्या विहिरीकडे गेले. संध्याकाळी उंट सवयीने आले आणि कोरड्या डोणीपाशी उभे राहिले. यांजमा त्यांच्यात जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. अशा माणसापुढे आपण एकोणीस वर्षं उठून उभं राहत होतो, याची तिला किळस आली.

कोरड्या ओढ्यात एक जुनी हातविहीर होती. संघाच्या काळात ती बुजवली होती, पण चोइजिलला जागा आठवत होती. तो, यांजमा आणि चार घरची माणसं अकरा दिवस खणत होती. सात मीटरवर पाणी लागलं, खारट, पण जनावरं पीत होती. त्याच आठवड्यात बॅटरीवरच्या रेडिओने सांगितलं की जिल्ह्यातल्या विहिरींची सुधारणा पूर्ण झाली.

"पूर्ण झालो आपण," चोइजिल म्हणाला.

सप्टेंबरात गोंबोसुरेन आला. मोटरसायकलवरून चाळीस उंट हाकत, एकटाच. संघाचे उंटही त्यानेच घेतले होते, आणि पगार न मिळाल्याने त्याचे राखणदार निघून गेले होते.

"पाणी हवंय," तो म्हणाला.

गोबीत जनावराला पाणी नाही म्हणत नाहीत. यांजमाने हातातल्या चहाच्या वाटीने दाखवलं. "ती बादली."

"माणसं कुठायत?"

"चहा पितायत."

त्याने चामड्याचं जाकीट काढलं आणि दोर धरला. तहानलेला उंट दहा बादल्या सहज पितो. दुपारपर्यंत त्याचे सात उंट झाले आणि तळहात फुटले. चोइजिल अर्धवट उठला.

"बसा," यांजमा म्हणाली.

"यांजमा," गोंबोसुरेन धापा टाकत म्हणाला, "जरा दोर धर."

"मनगटाला गुंडाळू नकोस, हात तुटेल," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला अरेतुरे केलं, आणि ते त्याच्याही लक्षात आलं.

पण मागचे उंट ओरडायला लागले. त्यातली एक मादी तिच्या ओळखीची होती. पिल्लू असताना यांजमाने तिला इंजिनघरात ऊब दिली होती. उंटांनी काही विकलं नव्हतं. यांजमा उठली, त्याच्या हातातून दोर घेतला आणि त्याच्याकडे न बघता पाणी ओढू लागली. मग चोइजिल आला, मग बाकीचे. गोंबोसुरेन बाजूला उभा राहिला. अंधार पडायच्या आत सगळे उंट प्याले.

"माझ्या कंपनीत ये," तो जाताना म्हणाला. "नीट पगार देईन."

तिने बादली उलटी करून ठेवली आणि ती गेरमध्ये गेली. दार लावून घेतलं.

हिवाळा लागण्याआधी त्याने उंट मांसाच्या कारखान्याला विकले आणि तो राजधानीला गेला. तिथे त्याला कुठल्याशा समितीवर घेतलं, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या. जानेवारीत हातविहीर गोठली. यांजमा आणि चोइजिल रोज सकाळी आळीपाळीने आत उतरून पहारीने बर्फ फोडत. त्या वर्षी विहीर खणणाऱ्या सहा घरांची जनावरं तगली.