दाढेवरचा दाणा

भागिरथानं लेकाच्या हातावर असा फटका मारला की सेफ्टी पिन उडून थेट चुलीमागे गेली.

"अश्वजित, पोरीच्या तोंडात पिन खुपसून राह्यला तू?"

"मा, जवारीचा दाना अटकला हाय दाढेत. निंघूनच नाई राह्यला," मोबाइलचा उजेड धरून अश्वजित म्हणाला. सपना आ वासून बसली होती, डोळ्यांत पाणी.

भागिरथानं नातीच्या तोंडात बोट घातलं. खालच्या दाढेच्या मधोमध टोकदार, बारीक उंचवटा. हलत नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सपनाएवढी असताना तिच्याही दाढेवर असाच दाणा होता, आणि तिच्या बापानं तो पकडीनं मोडून काढला होता. ती कळ आठवली की अजून तिचा जबडा आवळत असे.

"पुन्हा हात लावशीन तं हात मोडीन तुहा!"

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन ती इंझोरीहून मंगरूळपीरला गेली. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या.

"हा दाणा नाही, आजी. दाताचाच भाग आहे. काहींच्या दातांची घडणच अशी असते. याच्या आतपर्यंत नस येते. हा मोडला की दात आतून मरतो. वरून पांढराशुभ्र, कुठं कीड नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. आज याच्याभोवती मसाला भरून आधार देते. अधूनमधून दाखवून जा, दात शाबूत राहील."

"अन् मोडला असता तं?"

"मुळाशी पू झाला असता. तो हाडातून वाट काढतो. मग एखाद्या वेळी हनुवटीवर फोड येतो, वाहत राहतो..."

बोलता बोलता बाईंची नजर भागिरथाच्या हनुवटीवर गेली. पदर सरकला होता. तिथल्या खळग्यात पुवाचा थेंब होता, नेहमीसारखा.

बाईंनी तिलाच खुर्चीत बसवलं, दाताचा फोटो काढला. बापानं दाणा मोडलेली तीच दाढ आतून मेली होती. तिचा इलाज केला की फोड सुकेल, असं त्या म्हणाल्या.

भागिरथा ताडकन उठली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून हा फोड. लेप झाले, डाग दिले, वाशिमच्या डॉक्टरांच्या ट्यूबा झाल्या.

"इतक्या वर्षांत एकानंबी मले तोंड उघड म्हनलं नाई?" ती ओरडली. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. चूक बाईंची नव्हती, पण ओरडायला समोर त्या एकट्याच होत्या.

घरी नवरा, इंद्रभान, ओसरीवर बसला होता.

"काढला का पोरीचा दात?"

"वाचवला. अन् माहा फोड फोड नव्हताच. दात मेला व्हता आतून."

"आता मले काय मालूम?"

"मलेबी मालूम नव्हतं. पन माहं ताट वेगळं कोन केलं?"

फोडाची लागण होईल म्हणून इंद्रभाननंच तिचं ताट, तिचा पेला बाजूला काढला होता. लेकीच्या लग्नात तिला पंगतीत वाढूही दिलं नव्हतं. भागिरथा तेव्हा भांड्यांपाशी बसून राहिली होती, कारण तिलाही ते खरंच वाटलं होतं. आज आपण ते खरं मानलं याचाच तिला जास्त राग येत होता.

जेवणाच्या वेळी तिनं आपलं वेगळं काढलेलं, चेपलेलं जर्मनचं ताट घेतलं, त्यात भाकर आणि वरण वाढलं, इंद्रभानपुढं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली.

"जेवा," ती म्हणाली.

इंद्रभाननं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.