काहीच न घडणारा क्यू

शेवटच्या प्रवेशात दिवा हलला. तो हलायलाच नको होता.

रविवार दुपारचा प्रयोग. मोंतेविदेओ शहरातलं ते जुनं नाट्यगृह गच्च भरलेलं. यामिला प्रेक्षकांच्या मागे वरच्या खोलीत, काचेआड, सगळे दिवे चालवणाऱ्या कन्सोलपाशी. समोर रंगमंचाच्या काठाजवळ एल्विराबाई एकट्या उभ्या होत्या, बुडालेल्या कोळ्याची म्हातारी बायको होऊन. वरून एकच दिवा त्यांच्या चेहऱ्यावर. दिव्याने खिळून राहायचं, बाईंनी बोलायचं, मग अंधार आणि खेळ खलास. आणि तो दिवा आता लाटेसारखा डावीकडे सरकत होता.

बाईंना जवळजवळ दिसत नव्हतं. ही गोष्ट यामिलाशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं दोघी धरून चालल्या होत्या. गालाला उजेडाची ऊब लागली की आपण जागेवर आहोत, एवढ्या हिशेबावर बाई नाटक करायच्या.

"माझे डोळे तूच गं पोरी," त्या म्हणाल्या होत्या. "दिवा जाईल तिकडे मी. अंधार झाला की खिळा ठोकल्यासारखी उभी. गास्तोनला बोलू नकोस, घरी बसवेल मेला. घरी काय भिंतीशी बोलू?"

गास्तोन म्हणजे दिग्दर्शक. सकाळच्या तालमीत त्यानेच घोळ घातला. वादळाच्या प्रवेशात यामिलाने फिरत्या दिव्यांना लाटेचा इफेक्ट दिला होता; शेवटी बाईंवर येणारा दिवाही त्यांतलाच. कन्सोल म्हणजे घाण्याचा बैल. एकदा हाकला की थांब म्हणेपर्यंत फिरणार. क्यू म्हणजे त्यात आधीच भरून ठेवलेला दिव्यांचा एकेक टप्पा; तो बदलला तरी लाट पुढच्या क्यूत वाहत जाते. म्हणून वादळानंतरच्या अंधारात तिने एक क्यू ठेवला होता. प्रेक्षकाला त्यात काहीच दिसायचं नाही. पण लाट तिथे थांबायची आणि दिवे मुकाट आपापल्या जागी यायचे.

गास्तोनला तो अंधार लांबलचक वाटला. ह्या क्यूत घडतं काय, असं त्याने सगळ्यांदेखत विचारलं. दिसत काही नाही, असं ती म्हणते न म्हणते तोच त्याने टोला हाणला की मग दिव्यांवरच्या बाईसाहेब पगार कसला घेतात. सगळे खिदळले. यामिलाचं डोकं फिरलं. तिने ताडकन तो क्यू उडवून टाकला. थांबायचा हुकूम आता पुढच्या क्यूत घालायला हवा, हे तिला झोपेतही कळलं असतं. पण गास्तोनच्या तोंडावर फेकायला उत्तर जुळवण्यात ती गुंतली आणि हुकूम राहून गेला. तो भाग पुन्हा चालवून बघायला वेळही उरला नाही.

आता रंगमंचावर बाईंचं वाक्य मध्येच तुटलं. गाल थंड पडला होता. आपणच चुकलो असं वाटून त्यांनी डावीकडे पाऊल टाकलं. दिवा वळला, त्या वळल्या. दिवा पुढे सरकला, त्या पुढे. हात पसरून, शब्द विसरून त्या उजेडामागे चालल्या होत्या. आणि पुढे, काठाखाली, वादकांचा खोल खड्डा उघडा होता. प्रेक्षागृहात कोणी खोकेना. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे.

यामिलाचा हात बटणावर गेला. लाट थांबवावी तर दिवा हिसक्यासरशी जागेवर परत उडणार, आणि त्याला शोधत बाई कुठेही पाऊल टाकणार. तिने सगळाच उजेड तोडला.

अंधारात टाचेचा एक आवाज आला. मग काहीच नाही.

मग टाळ्यांचा कडकडाट. तिने भीत भीत उजेड केला. बाई उभ्या होत्या. बुटाचं टोक काठाबाहेर.

पडदा पडला तरी यामिला कन्सोलपाशीच होती. गास्तोनच वर आला, येर्बाचा कडू काढा नळीने ओढत. त्याने तिच्या डोक्याचा मुका घेतला आणि पुढच्या प्रयोगापासून रोज असंच करायचं, लाट ठेवायची, असं फर्मावलं.

"तिला दिसत नाही, गास्तोन." तिच्या तोंडून निघून गेलं.

"माहितीये."

यामिलाने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"पहिल्या तालमीपासून माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर तिला घेतली. आंधळं माणूस चालतं तसं कोणाला चालता येत नाही."

"आणि खड्डा?"

"तू आहेस की."

तिच्या कानशिलात कोणी लगावल्यासारखं झालं. मग तिने त्याच्यादेखत उडवलेला क्यू पुन्हा भरला. पण चालवला नाही. आधी लाट सुरू केली. खाली रिकाम्या रंगमंचावर उजेड सरकू लागला, काठावरून खड्ड्यात सांडू लागला.

"जा, उभा राहा तिथे," ती म्हणाली. "डोळे मीट आणि दिव्यामागे चाल. काठापर्यंत गेलास तर लाट ठेवते."

तो हसला. तिला वेड लागलंय म्हणाला. मग खाली त्या उजेडाकडे बघू लागला. नळी तोंडात तशीच राहिली. तो जागचा हलला नाही.

"मग हा क्यू राहील," म्हणून तिने बटण दाबलं. दिवे विझले, आणि अंधारात लाट थांबली.

ती जिना उतरू लागली. खाली रंगपटात बाई टाळ्यांच्या आनंदात बसल्या असतील. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या होत्या: तुमचा बूट कुठे होता, आणि गास्तोनला सगळं आधीपासून ठाऊक होतं. आधी कोणती सांगावी, हे दाराशी पोचली तरी तिला ठरवता येईना.